बदकं येईपर्यंतचे रविवार

रवि., ९ नोव्हें.
दुसऱ्या पुलापर्यंत गेले आणि आले. पडले नाही. घरी आल्यावर तासभर पायरीवरच बसून राहिले.
कामाक्षी शेजारच्या जिन्यात उभी राहून बघत होती. सायकल तिच्या मुलीची, सरकारनं शाळेत फुकट दिलेली. मुलगी कॉलेजात गेल्यापासून जिन्याखाली गंजत पडली होती. "मामी, उजवा ब्रेक धरा. डावा नुसता शोभेला आहे." चुडीदारही तिच्याच मुलीचा. आरशात बघितलं आणि हसू आलं. किती महिन्यांनी.
ह्यांची सायकल बोळात. पोलिसांनी आणून टेकवली तशीच. मधल्या दांड्याची, उंच. मला जमायची नाही.
कालवा काठोकाठ, पाणी तांबूस.
ठरवलंय ते इथं लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही. त्या रविवारी कालव्याकाठी ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजणारी बाई कोण, ते शोधायचं. हे तिच्याशी काय बोलले, ते विचारायचं. वर्षश्राद्ध माघ वद्य चतुर्थीला. तोवर.

सोम., १० नोव्हें.
वन्संचा फोन. पश्चिम वीथीपर्यंत बातमी एका रात्रीत पोचली. "साठ उलटल्यावर सायकल? असकं गाव बघतंय. माझा भाऊ सायकलीवरून गेला, आता तुझी पाळी?"
त्या बाईला शोधते आहे म्हटलं. मग म्हणाल्या, पाणी पाजलं त्याचं पुण्य त्या बाईला लागलं, तू कशाला पुसायला जातेस. मी म्हटलं, पाण्याचं नाही, बोलण्याचं पुसायचंय.
"ते तिथं कोणाला कळलं असेल?"
तेच तर.

रवि., १६ नोव्हें.
पाऊस. गेले नाही. तो दिवस एकदा सरळ लिहून टाकते. तंजावरातल्या आमच्या घरात देवनागरी वाचणारं आता कोणी नाही. मुलगा मुरळी मराठी बोलतो, वाचत नाही. मीसुद्धा लग्नानंतर सासूबाईंच्या पंचांगावरून अक्षरं लावत शिकले, मग पुण्याहून पुस्तकं मागवून. घरात बोलतो ती मराठी मला लिहिता येत नाही, पुस्तकातलीच येते. असो.

हे नकाशे काढण्याच्या खात्यात होते, कालव्यांचे. निवृत्त झाल्यावर त्याच नकाशांवरून दर रविवारी सायकलनं हिंडत. पहाटे निघायचं, कालव्याची कड धरून ओरत्तनाडुच्या वाटेला. फोन घरी. परतल्यावर नाश्ता, मग मुरळीला फ्रान्सला, तुलूझला फोन. त्याच्याकडेही कालवा आहे, तोही रविवारी सायकल काढतो. बापलेकांचं तेच बोलणं: तुझ्याकडे पाणी किती, माझ्याकडे किती.
निघताना दारात मला विचारत, "येतेस का?" मी म्हणे, "पुढच्या रविवारी." सात वर्षं. दोघांनाही ते निरोपासारखं झालं होतं.

त्या दिवशीही विचारलं. मी पीठ वाटत होते, ग्राइंडरच्या आवाजात बोललेच नाही, नुसता हात हलवला.

दहा वाजले, बारा वाजले. तीनला मुरळीचाच फोन, बाबांचा फोन का नाही आला. कामाक्षीचा नवरा शोधायला निघाला. संध्याकाळी दवाखान्यात त्याला सांगितलं, आमच्याकडे तसं कोणी नाही. सकाळी कालव्यावरून एक म्हातारा हिंदीवाला आणला होता, वाटेतच गेला. उत्तरेकडचे मजूर ठेवणाऱ्या कंत्राटदारांकडे चौकशी चालू आहे. तो परत फिरत होता, तेवढ्यात ह्यांच्या चपला दिसल्या.

हिंदी ह्यांना येत नव्हती. एक वाक्य नाही.

आंबुलन्समधल्या माणसाला मी नंतर गाठलं. तो म्हणाला, एका बाईनं डोकं मांडीवर घेतलं होतं, पाणी पाजत होती. अय्या, म्हणजे हे, एकसारखे काहीतरी बोलत होते. तामिळ नव्हतं. बाई म्हणाली वडक्कत्ती, म्हणजे उत्तरेकडचा, म्हणून मी तसं लिहिलं. बाईचं नाव घेतलं नाही.

मु. म्हणतो, मेंदूला धक्का बसला की कधी कधी मागून शिकलेली भाषा जाते, आईची तेवढी राहते. त्यानं कुठंतरी वाचलं.
वन्सं त्या रात्री म्हणाल्या होत्या, "साडेतीनशे वर्षं इथलं पाणी प्यालो, आणि शेवटी हिंदीवाला." रडत नव्हत्या. रागानं म्हणाल्या.

रवि., २३ नोव्हें.
तिसऱ्या पुलापर्यंत. चिखल फार, अर्धी वाट ढकलत. पोलिसांच्या कागदावर हीच जागा, "तिसऱ्या पुलाच्या खाली, ताडाच्या झाडाजवळ". ताडाची झाडं पाच आहेत. प्रत्येकाजवळ उभी राहिले.
पुलाशी कालव्याचे शटर चढवणारा-उतरवणारा लस्कर असतो. नाव आरुमुगम. ह्यांना ओळखत होता. म्हणाला, अय्या मोजपट्टीवरचं पाणी बघायचे आणि मला सांगायचे, तुझ्या वहीत दोन बोटं जास्त लिहिलंय. रागावायचा प्रश्न नव्हता, खरंच जास्त लिहिलेलं असायचं.
त्या रविवारी तो नव्हता. कालवा बंद, शटरला काम नाही. कोण असणार तिथं? त्यानं विचार केला. "बदकवाले असतील, अम्मा. कापणी झाली की शेतात बदकं सोडायला येतात. दहा-पंधरा दिवस राहतात, मग पुढे." कुठले? "बदकं जातील तिथले." पुन्हा कधी? "पोंगल होऊ द्या. शेतं मोकळी होऊ द्या."
म्हणजे दोन महिने. शोधून मिळणारी बाई नाही, वाट बघून मिळणारी.
परतताना मागून सायकलचा आवाज. ह्यांच्या साखळीचं झाकण घासायचं, खर्र खर्र खट्, फेऱ्याला एकदा. पुलापासून गावाच्या वेशीपर्यंत मागे होता. वळून बघितलं नाही. वाट अरुंद, वळले असते तर पडले असते. हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही.

मंगळ., २ डिसें.
चार दिवस पाऊस. कपडे वाळत नाहीत. दुपारी ह्यांचा नकाशा काढला, ट्रेसिंगच्या कागदावर स्वतःसाठी काढलेला. कालवे निळ्या शाईनं, जुनी छत्रं, म्हणजे राजांनी बांधलेल्या धर्मशाळा, लाल चौकोनानं. कुठं चहा चांगला, कुठं कुत्रं वाईट, तेही बारीक अक्षरात तामिळमध्ये. लिहायचे तामिळ, मोजायचे तामिळमध्ये, भांडायचे तामिळमध्ये. माझ्याशी आणि देवाशी मराठी.

रवि., ७ डिसें.
उघडीप. तिरुवैयारुला गेले, माझं माहेर. पाच नद्या, पाच पूल. सायकल मी तिथंच शिकले होते, नवव्या वर्षी, भाड्याच्या सायकलवर. लग्न झालं आणि सुटली. कोणी सोडायला लावली नाही. आपोआप सुटली, जशा पुष्कळ गोष्टी सुटतात.
पाचव्या पुलावर थांबले. कावेरी भरून. पलीकडच्या काठानं एकजण पांढऱ्या सदऱ्यात सायकलवरून चालला होता, माझ्याच वेगानं. मी थांबले तेव्हा तोही थांबला. नारळाच्या झाडांमुळे नीट दिसलं नाही. पायडलवर पाय ठेवला तर तोही निघाला. दूध घालणारा असेल. कॅन मात्र दिसले नाहीत.
घरी येऊन वन्संना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शांती करायला लावली असती.

गुरु., २५ डिसें.
मु. ला सुट्टी. फोन सायकलला बांधून मला त्याचा कालवा दाखवला. दोन्ही बाजूंनी मोठी झाडं, काही तोडलेली, त्यांना रोग लागलाय म्हणाला. पाणी हिरवं, हलत नाही. वाट इतकी सपाट की भरलेलं ताट हातात धरून चालवावी. दगडी कमानीचा पूल, पलीकडे द्राक्षांची उघडी शेतं, लांब टेकडीवर कुठलासा किल्ला. एक नाव पाण्याच्या कोठीत अडकवून दरवाजे लावले, पाणी भरलं, नाव वर आली. "बघ आई, लिफ्टसारखी." बाजूला लस्कराचं घर, खिडकीत फुलं. आरुमुगमला एक झोपडी आहे, तीही गळते.
ह्यांना त्या कालव्याचं भारी वेड. म्हणायचे, आपली माणसं तंजावरात आली तेव्हा तिथं तो कालवा खणत होते. आपण जाऊन बघायला हवं, दोघं एकाच वयाचे आहोत.
मु. म्हणाला, श्राद्ध झालं की माझ्याबरोबर चल. व्हिसाचा फॉर्म आणतो.
बघू म्हटलं.
मग तो सायकल थांबवून म्हणाला, "आई, ती बाई सापडली आणि तिनं काहीतरी वाईट सांगितलं तर?"
तो त्या वेळी चौथ्या दिवशी पोचला होता. दोन दिवस ह्यांना बर्फात ठेवलं, मग पुतण्यानं अग्नी दिला. त्याला ऐकायचं नाही, मला ऐकायचंय. दोघांचं कारण एकच.

रवि., ४ जाने.
ओरत्तनाडु. पोचले! पहाटे निघाले, अकराला पोचले. वाटेत चारदा बसले, एकदा एका शेतकऱ्यानं ताक दिलं, पैसे घेतले नाहीत.
मुक्ताम्बाळचं छत्र. दारातले दगडी घोडे आणि हत्ती मंडपाला रथासारखे ओढताहेत, आणि वर वटवाघळं. ह्यांच्या नकाशावर याला दोन लाल चौकोन. राजाची ती आवडती. मरताना म्हणाली, माझ्या नावानं अन्नछत्र घाल, आणि त्यानं घातलं. एवढी मोठी इमारत एका वाक्यावर उभी आहे. वाक्य ऐकायला माणूस जवळ होता, आणि भाषा कळत होती.
पायरीवर बसले. आत कोणीतरी झाडत होतं. झाडण्याचा आवाज थांबला की मागे कोणी श्वास धरून उभं आहे असं वाटे.
परत मालवाहू ऑटोत, सायकल आणि मी दोघी मागे, कोंबडीच्या खाद्याच्या पोत्यांवर.

शुक्र., १६ जाने.
माट्टु पोंगल. कामाक्षीकडून पोंगल आला. आमच्याकडे वर्षाच्या आत सण नाही. खाल्ला मात्र.
शेतं कापायला लागलेत. कापणीची मशीनं दिवसरात्र. आरुमुगमला माझा नंबर देऊन ठेवला आहे.

रवि., २५ जाने.
बदकं!
तिसऱ्या पुलाच्या अलीकडे, कापलेल्या शेतात, दोनेकशे. लांबून वाटलं शेतच हलतंय. सायकल टाकून बांधावरून धावले, एका पायाची चप्पल चिखलात गेली. दोन पुरुष, बाई नाही. गेल्या वर्षी आम्ही इकडे नव्हतोच म्हणाले. "कोणाला शोधता, अम्मा? काही हरवलं?" काय सांगणार. चप्पल म्हटलं. त्यातल्या एकानं हात घालून काढून दिली.
आवाज आज नव्हता. तोही वाट बघत असावा.

शुक्र., ३० जाने.
कालव्याचं पाणी बंद झालं. डबक्यांत मासे पकडायला गर्दी. ह्यांना हा दिवस आवडत नसे. म्हणायचे, नकाशावर निळं आणि जागेवर वाळू, मला खोटं पाडतात.

रवि., १ फेब्रु.
सकाळी आरुमुगमचा फोन. नवी टोळी आली, तीन घरं. गेले.
ताडाखाली ताडपत्रीचे तीन तंबू, निळ्या जाळीचं कुंपण. एक पुरुष जाळी शिवत बसला होता. विचारलं. सुई थांबली. "ते हिंदीवाले अय्या? माझी बायको होती तेव्हा. वळ्ळी." ती अंडी घेऊन कुंभकोणमला गेलीय, मंगळवारी येईल. त्याला स्वतःला काही माहीत नाही. तो त्या वेळी फोनला रेंज शोधत पुलावर पळाला होता. आंबुलन्स त्यानं बोलावली.
मी त्याला नमस्कार केला. गडबडून उठला, सुई हाताला टोचली त्याच्या.
श्राद्ध गुरुवारी. मंगळवार हातात आहे.
परतीच्या वाटेवर आवाज. अगदी जवळ. मी मोठ्यानं म्हटलं, मंगळवारी.

सोम., २ फेब्रु.
मु. आला. तिरुचीच्या विमानतळावरून थेट. वाळलाय. ह्यांच्या सायकलीजवळ उभा राहिला, बेल वाजवायला हात नेला आणि परत घेतला. उद्याचं सांगितलं. मी येत नाही म्हणाला. मग म्हणाला, येऊ का? म्हटलं, झोप.

मंगळ., ३ फेब्रु.
भेटली.
घाईनं लिहिते, विसरायच्या आत. विसरणार नाही, तरी.

वळ्ळी चाळिशीची असेल. काळी, उंच, हातात लांब काठी. मी कोण ते सांगायच्या आधी तिनं ओळखलं. "एकाच पायात चप्पल होती. दुसरी मी शोधून आंबुलन्समध्ये ठेवली. मिळाली का?" मिळाली म्हटलं. मग दोघी बसलो.

हे आले, सायकल ताडाला नीट लावली, स्टँड लावला, कुलूप घातलं. बांधावर बसले. तिला वाटलं बदकं बघताहेत. मग आडवे झाले. ती धावली. डोकं घेतलं, पाणी दिलं. प्यायले. आणि बोलायला लागले.
काय?
"नाही कळलं, अम्मा. एकच गोष्ट होती, परत परत. शेवटाला वर चढायची, आपण काही विचारतो तशी. माझ्या तोंडाकडे बघून विचारायचे."
मग तू?
"मी आमा म्हटलं." हो म्हटलं. "काय करणार? माणूस विचारतोय. कोणीतरी हो म्हणायला हवं ना. हो म्हटलं की थांबायचे. जरा वेळानं परत तेच. मी परत आमा."
घाबरले होते का?
तिनं विचार केला. "नाही. घाई होती."
शेवटी?
"शेवटचं विचारलं. मी आमा म्हटलं. मग नाही विचारलं."

बदकांचा गोंगाट इतका की हे तिला दोनदा सांगावं लागलं.

मग म्हणाली, तुमची भाषा बोला बघू. म्हटलं, "आज ऊन उदंड आहे." ती एकदम म्हणाली, "हीच." पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं म्हणाली, मी वडक्कत्ती म्हणून सांगितलं त्यांना. त्यामुळे तुम्हाला कळायला उशीर झाला का?
नाही म्हटलं. खोटं.
मी तिला सांगितलं की त्यांना तामिळ येत होतं, तुझ्यामाझ्याहून चांगलं. ती काठीनं माती टोकरत राहिली. "मग माझं आमा त्यांना कळलं."
हो.
"आणि मला काही कळत नाहीये, हेही कळलं असेल."


गुरुवारी जेवायला ये म्हटलं. बदकं सोडून येता येत नाही.

बुध., ४ फेब्रु.
झोप नाही. प्रश्न होता एवढं कळलं. कोणता?
"येतेस का?" असणार, असं मन लगेच म्हणतं. सोयीचं आहे. सात वर्षं मी दिलं नाही ते उत्तर एका परक्या बाईनं माझ्या वतीनं देऊन टाकलं, आणि ते ऐकून हे गेले. पुस्तकात असं असतं. पण हे असंही विचारत असतील: ती घरी आहे का? मुरळीचा फोन आला का? मी पडलो का? सायकलला कुलूप घातलं का? घातलं होतं, म्हणजे ते नसेल. मी मरतोय का? त्यालाही आमा.
आणि मला समजून विचारलं असेल, तर उत्तर तामिळमध्ये आलं. मी त्यांना आयुष्यात तामिळमध्ये हो म्हटलेलं नाही. म्हणजे मी नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं. तरी परत विचारत राहिले.

गुरु., ५ फेब्रु. माघ व. ४
श्राद्ध झालं. मु. नं नीट केलं. मंत्रांत ह्यांचं नाव आलं तेव्हा त्याचा हात थांबला, भटजींनी मनगट धरून पाणी सोडायला लावलं. पिंडाला कावळा लगेच आला. वन्सं म्हणाल्या, इच्छा राहिली नाही म्हणायची. ह्यांना कुठंही जायची घाईच असायची.

शुक्र., ६ फेब्रु.
वळ्ळीसाठी डबा केला. पोळी, डांगर पचडी, वांग्याची भाजी. एक साडी काढली, रेशमी काठाची. वन्सं सोफ्यावरून बघत होत्या. मला वाटलं आता शास्त्र काढतील. म्हणाल्या, "कॉटनची दे. बदकांत रेशीम काय करायचंय तिला." आणि आपल्या पिशवीतून स्वतःच काढली, निळी, नवी. आणून ठेवली होती. विचारलं नाही कधी आणली.

रवि., ८ फेब्रु.
मु. नं ह्यांची सायकल काढली. हवा भरली, साखळीला तेल घातलं, झाकण वाकवून सरळ केलं. बेल वाजवली, माझ्याकडे बघत. तो पुढे, मी मागे. त्याची सायकल गुळगुळीत चालली होती, एक आवाज नाही. आणि तिसऱ्या पुलाच्या आधी, माझ्या मागून, खर्र खर्र खट्.
मु. नं मान वळवली. माझ्या पलीकडे, वाटेकडे बघितलं. "आई, तुझी चेन घासते का?"
हो म्हटलं. घासत नाही.

वळ्ळीशी तो फार बोलला नाही. तिनं ताडाचं झाड दाखवलं, तिथं बसून राहिला. नंतर म्हणाला, "माझा फोन आला का, हेच विचारत असतील. रविवार होता." मी म्हटलं, असेल. त्याला त्याचं असू दे. एकाच उत्तराखाली दोघांचे प्रश्न बसतात.
परतताना पुलावर थांबलो. वाळूत पोरं क्रिकेट खेळत होती. मु. म्हणाला, तिकडे आता झाडांना पालवी येईल, वाट सपाट आहे, रोज थोडं थोडं करू, तुला झेपेल. आणि मग, अगदी तसंच, त्याला माहीत नसताना, "येतेस का?"
माझ्या तोंडात "पुढच्या" इतकं आलं. तिथंच थांबवलं.
त्याला वाटलं ठसका लागला. पाण्याची बाटली दिली.

गुरु., १२ फेब्रु.
मु. गेला. फॉर्म टेबलावर. त्यानं माझं नाव, जन्मतारीख, सगळं भरून ठेवलंय. सहीची जागा मोकळी.

रवि., १५ फेब्रु.
महाशिवरात्र, उपास. तरी गेले. आरुमुगम म्हणाला होता, आज उठतात.
तंबू उतरलेले. जाळ्या गुंडाळून टेम्पोत. बदकं पुढे निघाली होती, पट्टुकोट्टैच्या बाजूला. वळ्ळी मागे राहिली होती, राख विझवायला. अंगावर निळी साडी. "तुमच्या नणंदेला सांगा, धुतल्यावर रंग गेला नाही."
पुढच्या वर्षी याच शेतात का, विचारलं. बदकं ठरवतील म्हणाली.

निघायची वेळ झाली. मी तिचा हात धरला. असं करायचं ठरवलं नव्हतं. तिच्या तोंडाकडे बघून मराठीत विचारलं, "मी आले आहे, हे त्यांना कळतं आहे का?"
शेवट वर चढला. मलाच ऐकू आला.
ती बघत राहिली. तिला माहीत होतं मी काय करते आहे. ओठ उघडले, मला वाटलं आता म्हणेल. ते एकच ऐकायला मी एवढे महिने पायडल मारत होते की काय, असं वाटलं.
नाही म्हणाली. म्हणजे "नाही" असं उत्तर नाही. मान हलवली. "अय्या निघाले होते, म्हणून न कळता आमा म्हटलं. तुम्हाला घरी जायचंय. तुम्हाला तसं आमा म्हणणार नाही. तामिळमध्ये विचारा."

मी तोंड उघडलं. भाजी घेताना, बसमध्ये, कामाक्षीशी, दवाखान्यात, साठ वर्षं बोलते ती भाषा. शब्द सगळे होते. लागेनात.
टेम्पोचा हॉर्न वाजला, दोनदा. तिनं घाई केली नाही. काठी टेकून उभी होती.

"नंतर विचारा," म्हणाली शेवटी. फोन नंबर दिला, नवऱ्याचा. रेंज असेल तर लागतो.

आता संध्याकाळ. दिवा लावला, देवळात जायला कामाक्षी हाक मारतेय. मागच्या पानावर ते वाक्य तामिळमध्ये लिहून बघतेय. चारदा खोडलं. कळतं आहे का. कळत असेल का. कळलं का.